ग्राहकाचा आयडी कोणता धरावा: ईमेल, मोबाइल नंबर की निरर्थक अक्षरमाला?

(ही चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

नोंदवही

ईमेल, एसएमएस, ॲपवरच्या सूचना, वेबसाइट, जाहिराती आणि कॉल सेंटर अशा पाच-सहा वाटांनी एकाच ग्राहकाशी बोलायचं ठरलं, की सगळ्या प्रणालींमध्ये त्या माणसाची ओळख म्हणून कोणता आयडी धरायचा हे आधी ठरवावं लागतं. बहुतेक ठिकाणी हे कुणी ठरवतच नाही. ईमेल पाठवायचं सॉफ्टवेअर आधी घेतलेलं असतं, यादी चढवताना ते 'सबस्क्रायबर की'चा (म्हणजे प्रत्येक ग्राहकाची नोंद ओळखणाऱ्या मूल्याचा, थोडक्यात 'की'चा) रकाना मागतं, आणि यादी चढवणारा तिथे ईमेलचा पत्ताच टाकतो. पुढे एसएमएस येतो, मग ॲप येतं, आणि तोवर तो रकाना बदलायचा म्हणजे ग्राहकाचा सगळा इतिहास उचलून दुसरीकडे नेणं होऊन बसतं.

माझं मत असं: मुख्य आयडीला स्वतःचा काही अर्थ नसावा, तो कधी बदलू नये आणि एकदा दिलेला आयडी पुन्हा दुसऱ्याला मिळू नये. ईमेल पहिल्या दोन कसोट्यांवरच नापास होतो. नोकरी बदलली की कार्यालयाचा पत्ता जातो. नवरा-बायको एकच पत्ता वापरतात, तर एकाच माणसाचे तीन पत्ते असतात. पत्ता हीच 'की' असेल आणि तो बदलला, तर नवी नोंद तयार होते. जुन्या नोंदीवरची खरेदी, आवडीनिवडी आणि 'मला मेल पाठवू नका' ही सूचना मागेच राहते.

शिवाय ईमेलची एकच पेटी अनेक तऱ्हांनी लिहिता येते. जीमेलच्या पत्त्यात नावातले टिंब मोजले जात नाहीत, अधिकच्या चिन्हानंतर काहीही लिहिलं तरी मेल तिथेच पोचते. ईमेलच्या प्रमाण नियमांप्रमाणे ॲटच्या (@) आधीच्या भागात लहान-मोठी लिपी (इंग्रजी अक्षर कॅपिटल की स्मॉल) वेगळी धरता येते, व्यवहारात जवळपास कुणीच धरत नाही. पण तुमचा एक डेटाबेस धरत असेल आणि दुसरा नसेल, तर जोडणी तिथेच तुटते. ॲपलने २०१९ मध्ये आणलेल्या लॉगिनमध्ये तर ग्राहक आपला पत्ता लपवून, ते ॲप बनवणाऱ्या कंपनीपुरता तयार झालेला मधला पत्ता देऊ शकतो. ज्या याद्यांत त्याचा खरा पत्ता आहे, त्यांच्याशी तो जुळणार नाही.

आणखी एक गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. ही 'की' सगळीकडे फिरते: मेलमधल्या लिंकमध्ये, सर्व्हरच्या लॉगमध्ये, एजन्सीला पाठवलेल्या फाइलमध्ये. लिंकमध्ये ईमेल असेल तर त्या पानावरच्या तिसऱ्याच कंपनीच्या स्क्रिप्टलाही तो दिसतो. गूगल ॲनालिटिक्सच्या नियमांनुसार तर ईमेल किंवा फोन नंबर तिथे पाठवायचाच नाही.

म्हणून यूयूआयडी, म्हणजे यंत्राने काढलेली, पुन्हा तीच निघणं जवळपास अशक्य असलेली निरर्थक अक्षरमाला. १२८ बिट, चौथ्या आवृत्तीत त्यातले १२२ यादृच्छिक, जोडरेघांसह ३६ अक्षरं. मे २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या सातव्या आवृत्तीत वेळ आधी येते, त्यामुळे डेटाबेसची अनुक्रमणिका (इंडेक्स) विस्कटत नाही. मात्र नोंद कधी झाली हे त्यातून वाचता येतं. ओळीने वाढणारे क्रमांक टाळावेत. आज एक आणि आठवड्याने एक खातं उघडलं की मधे किती ग्राहक आले ते कुणालाही कळतं, आणि लिंकमधला क्रमांक एकाने बदलून दुसऱ्याची सदस्यता बंद करता येते.

रकाना मजकुराचाच ठेवा. स्प्रेडशीट १५ अंकांपुढची अचूकता टाकून देते आणि सुरुवातीची शून्यं खाते. जावास्क्रिप्टमध्येही पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच अचूक राहतात. कुठल्याही प्रणालीत क्रमांक एका अंकाने सरकला, तरी तो अस्तित्वात असलेल्या दुसऱ्याच ग्राहकाचा असू शकतो.

तळटीप

असहमत. तुमची अक्षरमाला डेटाबेसमध्ये निर्दोष आहे, पण ती कुणाच्याच खिशात नसते. ग्राहक फॉर्म भरतो, फोन करतो, काउंटरवर उभा राहतो, तेव्हा तो नंबर सांगतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणी 'या नंबराचा यूयूआयडी कोणता?' हे विचारावं लागणार. वेबसाइट आणि ॲप यांनी एकाच क्षणी विचारलं, दोघांनाही 'नाही' असं उत्तर मिळालं, की दोघेही नवा आयडी काढणार. आता एकाच माणसाचे दोन आयडी झाले आणि ते एकाचेच आहेत हे सांगणारं त्यांच्यात काहीच नाही. मोबाइल नंबर ही की असती तर दुसरी नोंद जागच्या जागी अडली असती. निरर्थक आयडी डुप्लिकेट थांबवत नाही, तो डुप्लिकेट लपवतो.

नंबराला आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, ई.१६४: अधिकचं चिन्ह, देशाचा कोड, पुढे नंबर, एकूण जास्तीत जास्त १५ अंक. ओटीपीने तो लगेच पडताळता येतो. कंपनी बदलली तरी पोर्ट करून तोच ठेवता येतो, त्यामुळे लोक नंबर ईमेलपेक्षा घट्ट धरून ठेवतात. चुका कुठून येतात तेही ठाऊक आहे: पुढचा शून्य, गाळलेला देशाचा कोड, मधल्या मोकळ्या जागा. लिबफोननंबरसारखी, नंबर तपासून एका रूपात आणणारी लायब्ररी (तयार कोड) दारातच लावली की यातलं बहुतेक निस्तरतं. जिथे नोंदणीच ओटीपीने होते आणि संवाद एसएमएस, व्हॉट्सॲप आणि कॉलवर चालतो, तिथे नंबर सोडून दुसरं काही मधे घालणं म्हणजे एक जास्तीचा सांधा, आणि प्रत्येक सांधा कधीतरी निखळतोच.

नोंदवही

एकाच क्षणी दोन नोंदी होण्याचा धोका खरा आहे. पण 'हा नंबर एकदाच असेल' हे बंधन घालायची जागा वेगळी. ओळखींचा स्वतंत्र तक्ता करा: ओळखीचा प्रकार, तिचं मूल्य, ग्राहकाचा आयडी, पडताळणीची तारीख, कधीपासून, कधीपर्यंत. 'प्रकार आणि मूल्य' ही जोडी चालू नोंदींमध्ये एकमेव असण्याचं बंधन त्या तक्त्यावर लावा. नवी ओळख घालायचा प्रयत्न आणि अडली तर असलेला आयडी परत देणं, हे दोन्ही डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) झालं पाहिजे. आधी शोधा आणि मग घाला अशा दोन वेगळ्या पायऱ्या केल्यात, तर तुम्ही म्हणता तेच होईल.

नंबराचा खरा दोष असा, की तो परत वाटला जातो. अमेरिकेत सोडलेला नंबर दुसऱ्याला देण्याआधी किमान ४५ दिवस थांबण्याचा नियम आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या आत तो दुसऱ्या कुणाच्या हातात असू शकतो. नंबर हीच की असेल, तर नव्या माणसाच्या ओटीपीने जुन्या माणसाचं खातं उघडेल. 'मार्चपर्यंत हा नंबर पहिल्याचा, जूनपासून दुसऱ्याचा' हे त्या रचनेत लिहिताच येत नाही. वरच्या तक्त्यात त्याला 'कधीपर्यंत'चा रकाना पुरतो.

कंदील

दोघांनीही तिसरा पर्याय बाजूला ठेवलाय. सीआरएममध्ये, म्हणजे विक्री आणि सेवेसाठी ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक ग्राहकाला आयडी असतोच. मार्केटिंगने वेगळा आयडी काढायचाच कशाला? विक्री, सेवा आणि मार्केटिंग एकाच आयडीवर बोलले, तर जुळवणीचं निम्मं काम वाचतं.

मात्र खाचखळगे माहीत हवेत. सेल्सफोर्स या सीआरएमचंच घ्या. एकाच नोंदीचा आयडी १५ अक्षरी दिसतो आणि १८ अक्षरीही. १५ अक्षरी रूपात लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते. १८ अक्षरी रूपातली शेवटची तीन अक्षरं तो फरक टिपून ठेवतात. स्प्रेडशीटमधलं व्हीलुकअप (शोधून जुळवणारं सूत्र) लिपीतला हा फरक पाहत नाही. त्यामुळे १५ अक्षरी आयडीवर जुळवणी केली, की एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा ईमेल येऊन बसतो आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये १८ अक्षरीच द्या.

दुसरा खळगा मोठा आहे. लीडचं (संभाव्य ग्राहकाच्या नोंदीचं) रूपांतर काँटॅक्टमध्ये (पक्क्या संपर्काच्या नोंदीत) झालं, की त्याला नवा आयडी मिळतो. मार्केटिंगच्या प्रणालीला तो दुसराच माणूस वाटतो. लीड म्हणून सुरू झालेली स्वागताच्या मेलची मालिका चालूच राहते, आणि काँटॅक्ट म्हणून दुसरी सुरू होते. मार्केटिंगचं सॉफ्टवेअर नोंदींच्या संख्येवर पैसे घेत असेल, तर एकाच माणसाचे दोनदा मोजले जातात. म्हणून लीड आणि काँटॅक्ट दोन्हींवर आपला एक सामाईक रकाना ठेवायचा आणि रूपांतराच्या वेळी तो जसाच्या तसा पुढे जाईल अशी जोडणी करायची. लीड फारशा नसतील, तर सरळ काँटॅक्टचा आयडी धरावा.

नोंदवही

तो सामाईक रकाना म्हणजेच मी म्हणतोय तो निरर्थक आयडी. सीआरएमचा आयडी त्या सॉफ्टवेअरच्या मालकीचा असतो. तिथे दोन नोंदी एकत्र केल्या की हरलेल्या नोंदीचा आयडी जातो आणि मार्केटिंगकडे तो अनाथ होऊन राहतो. सीआरएम बदललं तर सगळेच जातात.

उंबरठा

इथे सगळे माणसाच्या आयडीवर भांडताहेत. पण 'मेल पाठवा' किंवा 'पाठवू नका' ही परवानगी मार्केटिंगमध्ये प्रत्यक्षात पत्त्यावर चालते. एकच ईमेल दोन यूयूआयडींवर असेल आणि ग्राहकाने एका मेलमधून सदस्यता बंद केली, तर दुसऱ्या नोंदीवरून मेल जातच राहणार. त्या माणसाला तुमच्या तक्त्यांशी कर्तव्य नाही. त्याने नाही म्हटलंय आणि तरी मेल येतेय, एवढंच त्याला दिसतं, मग तो स्पॅमचं बटण दाबतो.

जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये सदस्यता बंद करण्याची सोय बंधनकारक केली आहे. बंद केलेली विनंती दोन दिवसांत अमलात यायला हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत राहायला हव्यात. जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणारे यात येतात. म्हणून 'पाठवू नका'ची यादी ग्राहकाच्या आयडीवर ठेवू नका. ती पत्त्यावर ठेवा, आणि पाठवण्याच्या क्षणी, सगळ्या सेगमेंटनंतर (ग्राहकांचे गट निवडून झाल्यावर), शेवटची चाळणी म्हणून लावा. दिवसाला किती संदेश जावेत ही मर्यादाही तिथेच, पत्त्यावर. नाहीतर एका पेटीत एकच मेल दोनदा पडते.

उलट 'माझी सगळी माहिती पुसा' ही विनंती माणसाची असते. तिथे नोंदवही यांचा आयडी हवाच, कारण त्याचे सगळे पत्ते, नंबर आणि डिव्हाइस एकत्र सापडले पाहिजेत. पण सगळं पुसलं आणि महिन्याने तोच पत्ता एखाद्या जुन्या यादीतून परत आला, तर? पत्त्याचा, गुप्त किल्ली मिसळून केलेला हॅश (गणिताने काढलेली ठरावीक लांबीची अक्षरमाला) 'पाठवू नका'च्या यादीत मागे ठेवावा लागतो. किल्ली न मिसळता केलेला नको.

दशांश

उंबरठा यांच्या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबतो, कारण 'ईमेलचा हॅश हीच की करू, गोपनीयताही सांभाळली जाईल' असं फार सर्रास म्हटलं जातं. हॅश म्हणजे वेष बदललेला ईमेलच. ईमेल बदलला की हॅश बदलतो, त्यामुळे स्थैर्य शून्य. फोन नंबराचा हॅश तर उलगडताही येतो. दहा अंकी नंबर जास्तीत जास्त एक हजार कोटी. आजचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी एसएचए-२५६ (हॅशचा एक प्रचलित प्रकार) काढतं. सगळ्या नंबरांची यादी करून जुळवायला काही मिनिटंसुद्धा लागत नाहीत. युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्यात अशा डेटाला टोपणनावाखालचा डेटा मानतात, आणि तो वैयक्तिक डेटाच राहतो.

हॅशची खरी जागा जाहिरातींच्या प्रणालींना यादी देताना आहे, आणि तिथे तपशील चुकला की जुळणी शून्यावर येते. गूगलला फोन नंबर अधिकच्या चिन्हासह ई.१६४ रूपात हॅश करून लागतो. मेटाला चिन्ह काढून, देशाच्या कोडासह नुसते अंक. एकच हॅशचा रकाना दोघांना पाठवला तर एका ठिकाणी एकही फोन जुळणार नाही, आणि दोष यादीचा आहे असं वाटत राहील. जीमेलच्या पत्त्यातले टिंब काढायला गूगल सांगतं. तोच साफ केलेला पत्ता सगळीकडे पाठवणं बरोबर नाही. म्हणून मूळ मूल्य सुरक्षित जागी ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी पाठवताना त्या-त्या नियमाने हॅश काढा.

हॅश काढण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढा, अक्षरं लहान करा, आणि कॉपी-पेस्टमधून येणारी न दिसणारी अक्षरंही काढा. शून्य रुंदीची एक जागा राहिली तरी ६४ अक्षरांचा हॅश पूर्ण वेगळा येतो. अक्षरं लहान करताना सर्व्हरची भाषा तुर्की असेल, तर मोठ्या 'आय'चं रूपांतर बिनटिंबाच्या 'आय'मध्ये होतं. भाषा-निरपेक्ष पद्धतच वापरा. आणि ६४ अक्षरं लांब वाटतात म्हणून हॅशची पहिली आठच ठेवू नका. आठ अक्षरं म्हणजे ३२ बिट. साधारण ७७,००० नोंदींनाच दोन माणसांचा हॅश सारखा निघण्याची शक्यता निम्मी होते.

माझा वेगळा मुद्दा असा, की नेमक्या जुळणीवर सगळं सोडलं तर निनावी भेटी हातातून जातात. सफारीत स्क्रिप्टने ठेवलेली कुकी (ब्राउझरमधली ओळखखूण) सात दिवसांत जाते, क्रोममध्ये कमाल मुदत ४०० दिवस. आयफोनच्या आयओएस १४.५ पासून, म्हणजे एप्रिल २०२१ पासून, परवानगीशिवाय जाहिरातीचा आयडी मिळत नाही. अशा वेळी नाव, पिन कोड, जन्मतारीख, डिव्हाइस यांना वजन देऊन संभाव्यतेने जुळवणं हा मान्य मार्ग आहे. फेलेगी आणि संटर यांनी १९६९ मध्येच त्याचं गणित मांडलं. तो नाकारू नये.

उंबरठा

मोजमापासाठी वापरा, हरकत नाही. त्या जुळणीवर कुणालाही संदेश पाठवू नका. जुळ्या भावंडांचं आडनाव, पत्ता, जन्मतारीख आणि घरातलं वाय-फाय सगळं एकच असतं. ९५ टक्के खात्री म्हणजे वीसात एक चूक, आणि ती चूक म्हणजे एकाच्या औषधाची आठवण दुसऱ्याच्या फोनवर. संभाव्य जुळण्या वेगळ्या तक्त्यात ठेवा, मुख्य आयडीला त्यांचा स्पर्श नको.

तळटीप

नंबर परत वाटला जातो हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. पण मग वाद आयडीच्या आकाराचा उरत नाही. नवा आयडी कधी काढायचा आणि दोन आयडी कधी एक करायचे, हा खरा निर्णय आहे. तो नियम कागदावर नसेल, तर यूयूआयडी आणि ईमेल दोन्ही सारखेच बिघडतात.

एकत्र करणं सोपं आहे, सोडवणं अवघड. दशांश यांनी जाहिरातीच्या आयडीचा उल्लेख केला. परवानगी नाकारली की आयफोन तिथे सगळी शून्यं देतो. ती शून्यंच ओळख म्हणून धरली गेली, तर नकार देणारे सगळे लोक एका प्रोफाइलमध्ये कोसळतात. 'टेस्ट' नावाचा ईमेल, सगळे नऊ असलेला नंबर, ग्राहकाने नंबर दिला नाही म्हणून काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने टाकलेला स्वतःचा नंबर, यांचंही तेच. अशा मूल्यांची बंदीयादी पहिल्या दिवसापासून हवी. शिवाय एका प्रोफाइलवर ईमेल किती, नंबर किती याला मर्यादा घाला, समजा पाच आणि तीन. मर्यादा ओलांडणारी जोडणी आपोआप न होता तपासणीला जावी. फक्त पडताळलेली ओळखच दोन प्रोफाइल जोडू शकेल. फॉर्ममध्ये नुसती लिहिलेली नाही.

जोडल्यावर हरलेला आयडी पुसू नका. 'हा आता त्याचा उपनाम' अशी एक ओळ ठेवा, आणि खरेदी, क्लिक वगैरे घटना आपल्या मूळ आयडीवरच राहू द्या. वाचताना उपनाम सोडवायचं. मग जोडणी चुकली तर ती एक ओळ काढली की दोघं पुन्हा वेगळे. घटनांवरचा आयडीच बदलून टाकलात, तर कोणती खरेदी कुणाची हे परत कधीच कळणार नाही.

लॉगिनचाही एक नियम करा. लॉगआउट झालं की त्या ब्राउझरचा निनावी आयडी नवा काढायचा. नाहीतर घरातल्या एकाच संगणकावर दुसऱ्याने पाहिलेल्या वस्तू पहिल्याच्या खात्यात जमा होतात.

कंदील

हे पटलं. पण कॉल सेंटरवर ३६ अक्षरं कुणी वाचून दाखवू शकत नाही. त्यांच्यासाठी वेगळा ग्राहक क्रमांक द्या: नऊ यादृच्छिक अंक आणि दहावा लूनच्या पद्धतीचा तपासणी अंक. एका अंकाची चूक त्यात हमखास पकडली जाते. शेजारचे दोन अंक उलटे पडले तर तेही, फक्त शून्य-नऊची अदलाबदल निसटते. हा क्रमांकसुद्धा ओळखींच्या तक्त्यातली एक ओळख, मुख्य की नव्हे.

नोंदवही

ज्यांची की आधीच ईमेल आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो, कारण बहुतेकांची अवस्था तीच असते. आधी जुनी की आणि नवा आयडी असा जोडतक्ता करा. एकाच माणसावर दोन जुन्या की येत असतील, तर 'पाठवू नका', बाऊन्स (न पोचता परत आलेली मेल) आणि तक्रारीच्या नोंदींमध्ये सर्वांत कडक स्थिती जिंकेल असं ठरवा, आणि त्या नोंदी सगळ्यांत पहिल्या हलवा. ग्राहक हलले आणि 'पाठवू नका'ची यादी मागून येते म्हणून मधल्या वेळेत मेल जाणं, ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. मग प्रत्येक वाट वापरणारे पाचशेक ग्राहक घेऊन चाचणी करा. चालू मालिकांमध्ये नवे लोक घालणं थांबवा आणि आत असलेल्यांना संपवू द्या. मधेच हलवलं तर ते पहिल्या मेलपासून परत सुरू होतात. जुन्या मेलमधल्या लिंक महिनोनमहिने क्लिक होत राहतात, विशेषतः सदस्यता बंद करण्याच्या, तेव्हा जोडतक्ता वर्षभर तरी चालू ठेवा.

तळटीप

माझा एक आक्षेप कायम आहे. एकच वाट, एकच प्रणाली आणि दोन माणसांची टीम असेल, तर हा सगळा पसारा त्यांना झेपणार नाही. त्यांनी नंबरच धरावा. फक्त कीचा रकाना आणि संपर्कासाठीचा नंबराचा रकाना पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत, आज दोन्हींत तेच मूल्य असलं तरी.

नोंदवही

रकाने वेगळे असतील, तर कीच्या रकान्यात नंबर घालण्यापेक्षा तिथे यूयूआयडी घालायला एकच ओळ जास्त लागते. तेवढी ती दोन माणसंही लिहू शकतात.